सहा आवर्तनं

कराडच्या स्टँडवर कंडक्टरनं मला दुसऱ्यांदा विचारलं, पोत्यात काय आहे म्हणून. मी म्हटलं, कॉम्प्युटर. त्याचा विश्वास बसेना. कॉम्प्युटर म्हणजे त्याच्या लेखी काचेचा पडदा, आणि माझ्या मांडीवरच्या पोत्यात नुसती एक पत्र्याची पेटी आणि टॉवेलात गुंडाळलेला कीबोर्ड होता. टपावर टाका म्हणाला. मी नाही म्हटलं, आणि ज्या सुरात म्हटलं त्यानंतर साताऱ्यापर्यंत त्यानं माझ्याकडे वळून पाहिलं नाही. माझ्या जिभेला तेव्हा धार होती. आता ती बोथट झाली असं घरचे म्हणतात, मला तसं वाटत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी सांगलीला विश्रामबागेत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. पेटी क्लासची, अडगळीत पडलेली. इतकी जुनी, की तिच्यावर नेहमीचे रंगीत प्रोग्रॅम उघडेपर्यंत चहा करून पिऊन व्हायचा. मी तिच्यावर लिनक्स चढवलं होतं. त्यात चित्रं नाहीत, माऊस नाही. काळ्या पडद्यावर एक ओळीचा हुकूम टंकायचा आणि मशीन तेवढंच करतं, इकडे तिकडे बघत नाही. अशाच एका हुकुमावर ही मरतुकडी पेटी फोनच्या तारेतून परदेशातला रेडिओ वाजवायची. आवाज दोन्ही बाजूंनी छाटलेला, पण गाणं ओळखू यायचं. त्यासाठी ती जिवाच्या आकांतानं काम करत असे आणि दुसरं काही करायला तिच्यात श्वास उरत नसे. हे मी महिनाभर तिच्याशी झटापट करून शिकले होते. म्हणून पुढे जे झालं ते अजाणता झालं, असं मला म्हणता येत नाही.

पेटी साताऱ्याला न्यायला लागली ती माझ्या धाकट्या बहिणीमुळे.

आम्ही दोघी साताऱ्यात एकाच बाईंकडे गाणं शिकलो. मी नऊ वर्षांची असताना मला घातलं, ती मागोमाग आली, कारण मी जाईन तिथे तिला यायचं असे. बाई शनिवार पेठेत एका घराच्या तळमजल्यावर भाड्यानं राहायच्या. एकट्या, ताठ, कमी बोलणाऱ्या. सोळाव्या वर्षी त्यांनी मला समोर बसवून सांगितलं की तुझी लय पक्की आहे, कान चांगला आहे, पण गळा नाही. गळा धाकटीचा आहे. त्यांनी हे रागानं सांगितलं नव्हतं. बरं वाटावं म्हणूनही सांगितलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवसापासून जाणं बंद केलं. बहीण जात राहिली, आणि संध्याकाळी ती घरी रियाजाला बसली की मी गच्चीवर जाऊन पुस्तक उघडत असे. पान उलटत नसे. ती कुठे घाईला आली, कुठे समेवर सैल पडली, हे मोजत असे. तबला नसतानाही मला ते कळायचं, आणि कळलं की बरं वाटायचं. लिहायला आज लाज वाटते, पण खरं ते हेच.

बाईंचा एक नियम होता. त्या सांगतील तेव्हाच चारचौघांत गायचं, आणि त्यांचं नाव घ्यायचं ते त्यांनी परवानगी दिल्यावर. बहिणीनं तो एकदा मोडला. लग्न ठरलं होतं, परदेशी जायचं होतं, त्याआधी सांगलीला गणपतीत एका मंडळानं तिला बोलावलं आणि ती गायली. निवेदकानं आपल्या मनानं बाईंचं नाव घेतलं. साताऱ्याला बातमी दोन दिवसांत पोचली. बहीण पाया पडायला गेली तेव्हा बाई दारातच म्हणाल्या, इथून पुढे माझं नाव घ्यायचं नाही. ती अमेरिकेला गेली ती तशीच. चार वर्षं तिनं पत्रं लिहिली, उत्तर नाही. गाण्याच्या तीन कॅसेटी पाठवल्या, तिन्ही न उघडता आमच्या घरी आल्या. मी सणावारी साताऱ्याला गेले की बाईंकडे डोकावत असे. कान चांगला म्हणाल्या होत्या, तेवढं नातं उरलं होतं. कॅसेट का ऐकत नाही असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, टेपवरचं गाणं पुसून पुन्हा म्हणता येतं. ते धुऊन इस्त्री केलेलं गाणं झालं, त्यावरून मी कुणाला काय सांगू?

आणि मग त्या वर्षी बहिणीची ई-मेल आली. तिच्या गावातल्या विद्यापीठाचं मुलांनी चालवलेलं एक छोटं रेडिओ स्टेशन होतं. रविवारी संध्याकाळी आठ वाजता त्यावर तिला अर्धा तास गायला बोलावलं होतं, आणि ते स्टेशन इंटरनेटवरही ऐकू यायचं. तिनं लिहिलं होतं, ताई, इथल्या चार घरांतली मुलं माझ्याकडे शिकायला येतो म्हणतात. मी कुणाची म्हणून शिकवू? बाई टेप ऐकत नाहीत, पण हे टेपवरचं नाही, तिथल्या तिथे थेट गायचं आहे, पुसता येणार नाही. तू त्यांना ऐकवशील का? ऐकून नाही म्हणाल्या तर मी पुन्हा विचारणार नाही आणि शिकवणारही नाही.

मी बाईंना जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "ऐकीन. एकदा. मग काय ते सांगीन."

म्हणजे एकच संधी, आणि ती माझ्या हातात. मला आनंद झाला होता हेही खरं आहे. धाकटीला पहिल्यांदा माझ्यावाचून अडलं होतं.

क्लासमधली चांगली मशीन बाहेर न्यायला मिळणं शक्य नव्हतं, म्हणून अडगळीतली पेटी. मॉनिटर बारा-तेरा किलोचा, तो एसटीतून एकटीनं नेण्यासारखा नव्हता. मी ठरवलं की पडद्याशिवाय भागवायचं. हुकूमच टंकायचे तर ते न बघता टंकता येतात. फोन जुळला की पेटीनं तीनदा टिकटिक करावी, नाही जुळला तर एकदाच लांब शिट्टी द्यावी, अशी सोय केली. बाकी लांबलचक हुकूम आकड्यांत बांधून टाकले. एक दाबून एंटर केलं की रेडिओ वाजेल. दोन दाबून एंटर केलं की रेडिओ वाजेल आणि वाजता वाजता पेटीतल्या डिस्कवर साठतही जाईल.

दोन मी कशासाठी केला? कुणी सांगितलं नव्हतं. बाईंना तर ते चाललंच नसतं. मला ते गाणं नंतर पुन्हा पुन्हा ऐकायचं होतं. कौतुकानं, की गच्चीवरच्यासारखं चुका मोजायला, हे तेव्हा मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. सांगलीला करून पाहिलं होतं. डिस्क जुनी होती. तिच्यावर लिहायची वेळ आली की प्रोसेसर हातातलं काम टाकून तिकडे धावायचा, पुढचा लाल दिवा लुकलुकायचा आणि आवाज अगदी डोळ्याचं पातं लवेल एवढा अडकायचा. बातम्या ऐकताना ते कळतही नसे. मी स्वतःची समजूत घातली की चालेल.

रविवारी दुपारी पेटी बाईंच्या खोलीत स्टुलावर ठेवली, शेजारी दोन छोटे स्पीकर आणि पेटी फोनच्या तारेला जोडणारा मॉडेम. बाईंनी पेटीकडे पाहिलं आणि दिसतं कुठे असं विचारलं. मी म्हटलं, दिसत नाही, फक्त ऐकायचं. हे त्यांना पटलं. फोन वरच्या मजल्यावर घरमालकांकडे होता आणि त्याचंच दुसरं यंत्र खाली बाईंकडे. वर कुणी रिसीव्हर उचलला की इंटरनेट तुटणार, हे घरमालकांना समजावून सांगणं भाग होतं. ते फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. मूळ खटाव भागातले, ऊस भावाच्या ताब्यात देऊन मुलांच्या शाळेसाठी साताऱ्यात आलेले. मी अर्धं सांगितलं असेल नसेल, त्यांनी हात वर केला.

"म्हंजी लाईन सांभाळायची. व्हय ना? ताई, तुमी निर्धास्त ऱ्हावा. मी सवता फोनपाशी बसतो. घरातलं मांजर बी फिरकायचं न्हाई."

सोमवारी सकाळी सहाला मी बाईंकडे पोचले, तेव्हा जिन्यातून वर हवालदारांची खुर्ची दिसत होती. फोनसमोर, तोंड दाराकडे. ते आंघोळ करून, टोपी घालून बसलेले. तिकडच्या रविवारचे रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे सोमवारी सकाळचे साडेसहा. अर्धा तास हातात होता आणि मला भीती विजेची होती. आदल्या आठवड्यात दोनदा सकाळी लाईट गेले होते. पेटीला दुसरा आधार नव्हता. लाईट गेले की सगळं गेलं.

पेटी सुरू केली. आतला पंखा घरघरला. नाव टंकलं, पासवर्ड टंकला, इंटरनेटसाठी पुण्याचा नंबर फिरवायचा हुकूम दिला. काहीच झालं नाही. न बघता टंकण्यात हे असं असतं. चुकलं तर कुठे चुकलं ते कळत नाही. पुन्हा पहिल्यापासून सावकाश टंकलं. मॉडेम खरखरला, किंचाळला, शांत झाला, आणि एकच लांब शिट्टी आली. नाही जुळलं. पुन्हा. एंगेज. पुन्हा. सहा बावीस झाले होते. बाई माझ्या मागे सतरंजीवर बसल्या होत्या, डाव्या हाताच्या बोटात जपाची माळ, उजवा हात गुडघ्यावर. त्या काही विचारत नव्हत्या, आणि त्यामुळे मला जास्त घाम येत होता. माझी बोटं कीबोर्डवर घसरायला लागली. सहा सव्वीसला पेटीनं तीनदा टिकटिक केली. जिन्यातून हवालदारांचा आवाज आला, लागली का लाईन. मी ओरडून हो म्हटलं.

आता एक आकडा आणि एंटर.

मी एकवर बोट ठेवलं होतं हे मला स्पष्ट आठवतं. मग ते उचलून दोनवर नेलं.

वीसेक सेकंद काही नाही. मग कुठला तरी इंग्रजी निवेदक, आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा. त्यानं बहिणीचं नाव कसंबसं उच्चारलं. मग तंबोरा. तो खरा तंबोरा नव्हता, विजेवरचा होता, पण बाई सावरून बसल्या.

"तिकडे किती वाजलेत?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, रात्रीचे साडेआठ वाजायला आलेत... नाही, आठ. मी गोंधळले होते. बाई म्हणाल्या, मग यमन नाहीतर बिहाग घेईल.

बहिणीनं षड्ज लावला. चार वर्षांनी त्या खोलीत तिचा षड्ज. छाटलेला, बारीक झालेला, पण तिचाच. मग ती हळूच कोमल रिषभावर गेली आणि तिथे तो झुलवत थांबली. भैरव. तिच्या खिडकीबाहेर रात्र होती आणि ती सकाळचा राग गात होती. मी मागे वळून पाहिलं. वेळेचा नियम मोडलेला बाईंना खपत नसे. त्यांच्या कपाळावर आठी आली. मग त्यांनी खोलीच्या दाराकडे पाहिलं, अंगणात ऊन यायला लागलं होतं तिकडे, आणि ती आठी हळूहळू गेली. त्यांनी उजव्या हातानं गुडघ्यावर ठेका धरला.

पहिली दहा-पंधरा मिनिटं विलंबितात, संथ लयीत गेली. लाल दिवा लुकलुकत होता. प्रत्येक वेळी सूर किंचित अडकत होता, पण विलंबितात एवढं खपून जातं. मी दिव्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, बघ, चाललं. वीज होती, फोन जुळलेला होता. बाईंचा हात चालू होता. एकदा त्यांच्या तोंडून हुंकार निघाला, तो चांगल्याचा होता. आपलं होतंय असं मला वाटायला लागलं.

मग तिनं मध्य लयीतली बंदिश घेतली. सोळा मात्रांचा तीनताल. बाईंनीच शिकवलेली, मीही शिकलेली. पहिलं आवर्तन सरळ गेलं. दुसऱ्यात बाराव्या मात्रेच्या आसपास दिवा लुकलुकला, आवाज अडकला आणि पुढे निघाला, आणि सम बाईंच्या हाताच्या मागे पडली. केसभर मागे. बाईंनी हात सावरून घेतला. पुढच्या आवर्तनात पुन्हा तेच. मध्य लयीत केसभरही लपत नाही. ऐकणाऱ्याला वाटावं की गाणारीला दम लागला आहे, ती तालाच्या मागे फरफटत चालली आहे.

बाई म्हणाल्या, "लय हलतेय हिची." आणि माझ्याकडे पाहिलं.

मला तेव्हाच बोलायचं होतं. बाई, तिची नाही, ही पेटी अडखळते आहे आणि मी तिच्यावर नको ते ओझं टाकलं आहे. एवढंच वाक्य. ते तोंडापर्यंत आलं. पण सांगायचं तर साठवत होते हे सांगायला लागणार. थांबवायचं तर रेडिओ तोडून पुन्हा जोडायला लागणार, आणि ते छोटं स्टेशन एका वेळी थोड्याच लोकांना जोडून घेत असे. आपली जागा सोडली की परत मिळेलच असं नाही. ही कारणं खरी होती. मी ती भराभर मनात मांडली. हवालदारांवर ढकलता येईल हेही सुचलं. वर कुणी फोनला हात लावला असेल, म्हटलं की झालं.

आणि त्या सगळ्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती. वर्षानुवर्षं जिची लय मी गच्चीवरून मोजली होती, तिची लय बाईंच्या समोर ढळत होती, आणि बाई माझ्याकडे पाहत होत्या. कान चांगला म्हणाल्या होत्या ना. मला बरं वाटलं. क्षणभर नाही, चांगला वेळ वाटलं. मी दिव्याकडे बघत बसले, तो लुकलुकला की पुढे काय होणार हे मला आधी कळत होतं, आणि मी तोंड उघडलं नाही.

बाईंचा हात थांबला. त्यांनी तो गुडघ्यावरून उचलून मांडीवर ठेवला.

"बंद कर ते," त्या म्हणाल्या.

मला वाटलं होतं की हे ऐकून आत कुठेतरी गार वाटेल. तसं झालं नाही. स्पीकरमधून बहीण गात होती, तिला काहीच माहीत नव्हतं. ती सरळ गात असणार, तबला सरळ वाजत असणार, एका खोलीत रात्री बसून ती आमची सकाळ गात होती. चार मुलं शिकायला येणार होती.

"बाई, तिची लय नाही हलत," मी म्हटलं. "मी हे साठवून ठेवत होते. तुम्हाला न सांगता. मशीनला दोन्ही जमत नाही. माझ्यामुळे होतंय."

मी उत्तराची वाट पाहिली नाही. हुकूम तोडला. खोली एकदम शांत झाली, फक्त पंख्याची घरघर. एक टंकलं, एंटर. मॉडेमचे हिरवे दिवे चमकले आणि थांबले. पुन्हा चमकले. दहा सेकंद. वीस. जागा गेली असं मला वाटलं. पुन्हा एंटर करावं तर ज्या दारात उभे आहोत तेच पुन्हा ठोठावल्यासारखं, होतं तेही जाईल. मी बोटं मांडीखाली दाबून धरली. तीस सेकंद. जिन्यातून हवालदारांनी विचारलं, "काय झालं वो? मी हात बी लावला न्हाई हां." त्या माणसाला मी मनातल्या मनात दोषी ठरवून मोकळी झाले होते.

मग आवाज आला. बंदिशीचा अंतरा संपत होता. ती मुखडा घेऊन समेवर आली आणि सम जिथे हवी तिथे पडली. लाल दिवा बंद होता. पुढचं आवर्तन आलं, त्याच्या पुढचं आलं. मी मागे वळून बघायचं धाडस केलं नाही, पण थोड्या वेळानं गुडघ्यावर पडणाऱ्या हाताचा आवाज कानावर आला. हलका, नेमका. शेवटची सात-आठ मिनिटं ती तशी गायली. तानेत एकदा धैवतावर जरा जास्त रेंगाळली. बाकी मला मोजायला काही सापडलं नाही, आणि मी शोधतही नव्हते.

गाणं संपल्यावर निवेदकानं तिला इंग्रजीत विचारलं की तुम्ही कुणाकडे शिकलात. थोडं थांबून ती काहीतरी म्हणाली. बाईंना इंग्रजी फार येत नसे. त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं, "ती म्हणाली, माझ्या गुरू साताऱ्याला असतात. त्यांचं नाव घ्यायची मला अजून परवानगी नाही."

बाई माळ हातात धरून बसून राहिल्या. वर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, हवालदारांची पहाऱ्याची वेळ संपली असावी. मी पेटी बंद करायला हात पुढे केला, तशा त्या म्हणाल्या, थांब. साठवलंस ते पुसून टाक आधी. मी पुसायचा हुकूम टंकला. पडदा नव्हता, दाखवायला काही नव्हतं. पुसलं म्हटलं. त्यांनी मान हलवली. मी खरंच पुसलं होतं.

"तिला कळव," बाई म्हणाल्या. "नाव घे म्हणावं. शिकव म्हणावं. धैवतावर रेंगाळू नको म्हणावं, तिथे ती नेहमीच लाडात येते."

मी हो म्हटलं. मला रडू येत होतं, ते मी कीबोर्ड टॉवेलात गुंडाळण्यात लपवलं.

"आणि मधे लय हलली ती तिची नव्हती, हेही कळव. कुणामुळे ते कळव."

मी टॉवेलाची गाठ आवळली.

"पहिल्या खेपेलाच मला कळलं होतं गं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "गाणारी मागे पडेल, तबलाही पडेल एखादे वेळी. पण तंबोराही तुटत होता. तंबोऱ्याला काय झालं तुटायला? लय हलतेय असं मुद्दाम म्हणून तुझ्याकडे बघितलं, तर तू त्या दिव्याकडे बघत होतीस. म्हटलं, हिला कळलंय. आता सांगेल, मग सांगेल." त्यांनी गुडघ्यावर बोटं टेकवली. "सहा आवर्तनं गप्प होतीस. मी मोजली."

त्या दिवशी दुपारच्या गाडीनं मी सांगलीला परत आले. पेटी पुन्हा मांडीवरच होती. क्लास उघडून बहिणीला ई-मेल लिहिली. बाईंनी परवानगी दिली, शिकव म्हणाल्या, धैवत सांभाळ. ती वाचून तिकडे किती रडली हे तिनं मला पानभर लिहिलं. बाईंचा दुसरा निरोप मी लिहिला नाही. पुढच्या खेपेला लिहीन असं म्हटलं. बाईंनी मला कधी विचारलं नाही, कळवलंस का म्हणून. दोन वर्षांनी त्या गेल्या.

बहीण आजही शिकवते. बाईंचं नाव घेऊन गाते, आणि प्रत्येक कार्यक्रमात गाण्याआधी एक गोष्ट सांगते. माझ्या ताईनं सांगलीहून एसटीतून कॉम्प्युटर मांडीवर घेऊन नेला, पडद्याशिवाय, आणि माझ्या बाईंना माझं गाणं ऐकवलं. ताई नसती तर मी आज गात नसते, असं म्हणते. मी हजर असले तर मला उभं करते. लोक टाळ्या वाजवतात. मी हात जोडते आणि खाली बसते.

बाईंचा निरोप पोचवायचा राहिला आहे. तुझी लय हलली नव्हती. माझ्यामुळे हलली, मला ते कळत होतं, आणि मी सहा आवर्तनं गप्प बसले.